चित्र का गेले? : कारणशोधाचा एक पाठ

आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक गंजलेला लोखंडी पाइप अद्याप उभा आहे. त्याच्या माथ्यावर ॲल्युमिनियमच्या तीन-चार वाकड्या काड्या उरल्या आहेत आणि त्यांवर सकाळी कावळे बसतात. आजच्या विद्यार्थ्यांना या पाइपाचे प्रयोजन ठाऊक नाही. तो कपडे वाळत घालण्याची दोरी बांधण्यासाठी रोवला असावा, असे कित्येकांनी आम्हांस सांगितले. वस्तुतः तो दूरचित्रवाणीचा अँटेना होय. एके काळी रविवारच्या संध्याकाळी शंभरावर विद्यार्थ्यांचे डोळे खालच्या सभागृहातील पडद्याकडे लागलेले असत आणि त्या पडद्याचे सारे भवितव्य या काड्यांवर अवलंबून असे.

स्मरणिकेसाठी इतिहासाच्या अभ्यासपद्धतीवर काही लिहावे, अशी सूचना आम्हांस झाली. इतिहास म्हणजे केवळ सनावळी नव्हे. घडलेल्या गोष्टीचे कारण पुराव्याने शोधणे हा त्याचा गाभा आहे, हे आम्ही वर्गात वारंवार सांगत आलो. परंतु ही गोष्ट आम्हांस स्वतःस खऱ्या अर्थाने कळली, ती कोणत्याही ग्रंथालयात नव्हे, तर याच गच्चीवर, जुलै १९९७ मध्ये. म्हणून या पाठासाठी आम्ही तोच पाइप निवडला आहे.

१. जुलै १९९७

त्या वर्षी १७ जुलैला राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि के. आर. नारायणन निवडून आले. केरळमधील उळवूर या खेड्यात, एका दलित कुटुंबात जन्मलेला, शाळेसाठी रोज मैलोगणती पायपीट केलेला आणि पुढे बाबासाहेबांप्रमाणेच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेला माणूस या देशाचा राष्ट्रपती होणार होता. शपथविधी २५ जुलैला होता. तो समारंभ प्रत्येक विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहावा, असे संस्थेत ठरले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या घरी दूरचित्रवाणी संच नव्हताच. हा दिवस पाहायचा तर आपल्या सभागृहातच.

आणि नेमके रविवारी, २० जुलैच्या संध्याकाळी, पडद्यावरचे चित्र गेले. संच चालू होता, पडदा उजळत होता. पण त्यावर केवळ मुंग्या आणि कानांत केवळ खरखर.

चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले, वारा लागला. कोणी म्हणाले, वीज पडली असावी. इतक्यात एक विद्यार्थी म्हणाला, “काल दुपारी तो वर गेला होता. आम्ही पाहिलं.” ‘तो’ म्हणजे इयत्ता आठवीतील एक मुलगा. एका विमुक्त जमातीतून त्या वर्षीच आपल्याकडे आलेला, अबोल, अंगाने काटक. मग काय, सर्वांनाच ते पटले. त्यानेच अँटेना हलवला. त्यानेच काहीतरी तोडले. आम्ही त्या वेळी वसतिगृहाचे काम पाहत होतो. आम्ही त्यास पुढे बोलावले आणि विचारले, “वर गेला होतास की नाही?” तो म्हणाला, “गेलो होतो.” आम्ही पुढचा एकही प्रश्न विचारला नाही. आठवडाभर सभागृहात यायचे नाही, शुक्रवारच्या कार्यक्रमालाही नाही, अशी शिक्षा आम्ही सर्वांसमक्ष सुनावली. तो खाली मान घालून निघून गेला.

रात्री आमचे विज्ञान विषयाचे सहकारी आमच्या खोलीत आले. त्यांनी शांतपणे विचारले, “सर, अँटेना हलला आहे, हे कोणी पाहिलं?” कोणीही पाहिले नव्हते. आम्हीही गच्चीवर गेलो नव्हतो. “मग आपण शिक्षा कशाबद्दल दिली?” या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघांनी मिळून जो शोध घेतला, तोच हा पाठ.

२. लहरी, काड्या आणि अंतर

शोध घेण्यापूर्वी यंत्रणा कशी चालते ते जाणले पाहिजे. भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले आणि पुढील काही वर्षांत तालुक्यांच्या गावांपर्यंत दूरदर्शनचे लघुशक्ती प्रक्षेपक पोहोचले. आपल्या शाळेस चित्र मिळे ते सुमारे १८ किलोमीटरवरील अशाच एका प्रक्षेपकाकडून.

प्रक्षेपकाच्या मनोऱ्यावरून निघालेल्या विद्युतचुंबकीय लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे काही अंतरानंतर त्या आपल्या डोक्यावरून निघून जातात. हे अंतर काढण्याची एक ढोबळ रीत आहे : मनोऱ्याची आणि आपल्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यावी, दोहोंची वर्गमुळे काढून त्यांची बेरीज करावी आणि तिला ४.१ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. मनोरा १०० मीटर आणि अँटेना ९ मीटर उंच असेल तर १० अधिक ३ म्हणजे १३, आणि उत्तर सुमारे ५३ किलोमीटर. प्रक्षेपकाची शक्ती कमी असेल किंवा वाटेत टेकडी असेल, तर प्रत्यक्ष पल्ला याहून पुष्कळ कमी भरतो. अँटेना उंच का लावतात, याचे उत्तर या गणितात आहे.

अँटेनाच्या काड्यांची लांबीही मनास येईल तशी नसते. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे ३० कोटी मीटर. त्यास लहरींच्या वारंवारतेने भागले की लहरीची लांबी मिळते. २०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दीड मीटर. तिच्यासाठी मुख्य काडी अर्ध्या लहरीएवढी, म्हणजे जवळपास ७५ सेंटिमीटर लागते. ६० मेगाहर्ट्झसाठी तीच अडीच मीटर होते. मुख्य काडीच्या मागे किंचित लांब काडी असते, ती लहरी परावर्तित करते. पुढे किंचित आखूड काड्या असतात, त्या लहरींना वाट दाखवितात. म्हणून आखूड काड्यांचे तोंड प्रक्षेपकाकडे असावे लागते.

ही रचना जपानमधील सेंदाई येथील विद्यापीठात १९२६ च्या सुमारास शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी मांडली. तिच्यावरील बरेचसे प्रत्यक्ष काम उदा यांचे. परंतु यागी यांनी ती इंग्रजीतून जगापुढे ठेवली आणि जगभर तिला ‘यागी अँटेना’ हेच नाव पडले. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार इतिहासाच्या विद्यार्थ्यास नवा नाही.

काड्यांनी टिपलेला संदेश अत्यंत क्षीण असतो. तो अँटेनाच्या मध्यावरील प्लॅस्टिकच्या डबीतून केबलमध्ये उतरतो. केबलच्या मधोमध तांब्याची एक तार, तिच्याभोवती पांढरे आवरण, त्यावर तारेची जाळी आणि बाहेर काळे वेष्टन असते. मधली तार आणि जाळी यांचा एकमेकींना स्पर्श होता कामा नये. काही घरी मध्ये बूस्टरही असतो. आपल्याकडे तो नव्हता.

३. लक्षण नीट पाहावे

वैद्य औषध देण्यापूर्वी लक्षण विचारतो. ‘टीव्ही दिसत नाही’ हे लक्षण नव्हे. ती तक्रार झाली. नेमके काय दिसते, हे सांगता आले पाहिजे.

पडदा उजळतच नसेल, तर दोष वीजपुरवठ्यात किंवा संचात आहे. अँटेनाचा तेथे संबंध नाही. पडदा उजळतो पण केवळ मुंग्या आणि खरखर असेल, तर संदेश संचापर्यंत पोहोचतच नाही. मुंग्यांमागे पुसट चित्र असेल, तर तो पोहोचतो, पण क्षीण. एकाच वाहिनीचे चित्र गेले आणि दुसरीचे शाबूत असेल, तर त्या वाहिनीच्या प्रक्षेपणाकडे किंवा संचातील जुळणीकडे पाहावे. शेजारचा पंप, मिक्सर वा मोटारसायकल सुरू झाली की पडद्यावर ठिपक्यांचे पट्टे धावत असतील, तर तो बाहेरचा व्यत्यय आहे.

चित्रास उजवीकडे सावली पडत असेल, तर एकच लहर दोन वाटांनी येत आहे : एक सरळ, दुसरी टेकडीवर किंवा इमारतीवर आपटून. जुन्या पद्धतीच्या चित्रात पडद्यावरील एक आडवी रेघ सुमारे ५२ मायक्रोसेकंदांत रेखली जाते. आपटून येणारी लहर ३०० मीटर जास्त चालली, तर ती एक मायक्रोसेकंद उशिरा पोहोचते. पडदा ४० सेंटिमीटर रुंद असल्यास सावली सुमारे पाऊण सेंटिमीटर सरकलेली दिसते. म्हणजे सावलीचे अंतर मोजून आडवाटेचे अंतर काढता येते. पडद्यावरचा बिघाडदेखील एक दस्तऐवजच आहे. तो वाचता मात्र आला पाहिजे.

आपल्या सभागृहात केवळ मुंग्या होत्या. अँटेना वाऱ्याने वा हाताने थोडा फिरला असता, तर १८ किलोमीटरवर पुसट चित्र किंवा सावली तरी दिसण्याचा संभव होता. या लक्षणाचा विचार आम्ही रविवारीच केला असता, तर त्या मुलावरील आरोप तेथेच डळमळला असता.

४. एका वेळी एकच पायरी

शोधाचा नियम असा की, जी तपासणी सोपी, बिनखर्ची आणि निर्धोक ती आधी. आणि एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र आले, तर कोणत्या बदलाने आले ते कधीच कळत नाही. ज्या बदलाने उपयोग झाला नाही, तो पूर्ववत करून मगच पुढे जावे. प्रत्येक पायरी वहीत लिहावी.

पहिली पायरी : प्रक्षेपण चालू आहे काय? सोमवारी आम्ही दीड किलोमीटरवरील गावात चौकशी केली. तेथे चित्र स्वच्छ होते. दोष आपल्याच आवारात होता.

दुसरी पायरी : संच ठीक आहे काय? अँटेनाची पिन काढून पाहिली. पिन काढल्याने मुंग्या वाढल्या असत्या, तर केबलमधून थोडा तरी संदेश येत होता असे ठरले असते. काहीच फरक पडला नाही. मग पाऊण मीटर लांबीची साधी तार संचाच्या पिनच्या जागी लावून खिडकीबाहेर धरली. पडद्यावर एक पुसट आकृती हलली आणि तुटक आवाज आला. म्हणजे संच निर्दोष होता. साऱ्या केबलपेक्षा एक उघडी तार अधिक संदेश देत होती, ही गोष्ट पुरेशी बोलकी होती.

तिसरी पायरी : केबल. मंगळवारी प्रयोगशाळेतील मल्टिमीटर आणला. पण केबलचे वरचे टोक सोडविण्यासाठी गच्चीवर जाणे भाग होते आणि पाऊस थांबत नव्हता. येथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. पावसात, वारा सुटलेला असताना किंवा विजा होत असताना अँटेनापाशी जाऊ नये. जवळून विजेच्या तारा जात असतील, तर पाइप काढू वा फिरवू नये. त्या तारांना पाइपाचा स्पर्श झाल्यास प्राण जातो. विद्यार्थ्यांनी हे काम कधीही करू नये. प्रौढांनीही एकट्याने करू नये. आम्ही बुधवारच्या उघडिपीची वाट पाहिली.

५. साक्षीदार

वर जाण्यापूर्वी सहकारी म्हणाले, “जो मुलगा शनिवारी वर होता, त्याला एकदा विचारू या. त्यानं काही पाहिलं असेल.” आम्हांस संकोच वाटला, तरी त्यास बोलावले. या वेळी आम्ही विचारले, “बाळ, शनिवारी तू वर कशासाठी गेला होतास?”

“मावशींनी सांगितलं होतं, सर. पन्हळीत पाला अडकला होता. स्वयंपाकघरात पाणी गळत होतं.”

“आणि अँटेनाजवळ काही पाहिलंस?”

“ती काळी डबी उघडी लोंबत होती, सर. झाकण खाली पडलं होतं. मी ते उचलून टाकीवर ठेवलं.”

“मग रविवारी हे का नाही सांगितलंस?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तुम्ही विचारलं नाही, सर.”

बुधवारी दुपारी आम्ही दोघे वर गेलो. झाकण टाकीवर ठेवलेले होते. डबीत पाणी साचले होते. केबलचे टोक सोडविले, तर जाळी हिरवट आणि मधली तार काळी पडलेली. दोन्ही टोके मोकळी ठेवून मल्टिमीटर लावला. मधली तार आणि जाळी यांमध्ये वहन दिसता कामा नये, ते दिसत होते. केबलच्या आत पाणी उतरले होते. आणखी एक गोष्ट सहकाऱ्यांनी दाखविली. पाइप आणि त्यास धरणारी पट्टी यांच्या सांध्यावर गंजाचा एक अखंड थर होता. पाइप जरासा जरी फिरला असता, तर तो थर तुटलेला दिसला असता. अँटेनास कोणीही हात लावला नव्हता. गंज हा तेथे लेखी पुरावा होता.

तांबे एका रात्रीत काळे पडत नाही. वसतिगृहात चौकशी केली, तेव्हा जूनपासूनच चित्रात मुंग्या येऊ लागल्याचे अनेकांस आठवले. म्हणजे डबीतील सांधा पूर्वीच किडला होता. त्या आठवड्याच्या संततधारेने केवळ अखेरचा घाव घातला. चित्र ‘अचानक’ गेले, असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा आपण आधीची लक्षणे पाहिलेली नसतात.

गुरुवारी तालुक्याहून पंचवीस मीटर नवी केबल आणली. सांध्यावर काळी टेप आणि तीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली. झाकण बसविले आणि डबीचे तोंड खालच्या बाजूस केले. केबल खिडकीतून आत घेण्यापूर्वी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाशी ठिबकते, आत शिरत नाही. संध्याकाळी चित्र आले.

६. तात्कालिक कारण आणि मूळ कारण

इतिहासाच्या पुस्तकात ‘तात्कालिक कारण’ हा शब्द विद्यार्थी पाठ करतात. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली; परंतु पहिल्या महायुद्धाचे मूळ त्या एका गोळीत नव्हते, हे आपण शिकवितो. आमच्या बाबतीत तर तात्कालिक कारणही खोटे निघाले. एक घटना दुसरीच्या आधी घडली एवढ्यावरून आम्ही पहिलीस कारण ठरविले. शनिवारी मुलगा वर गेला, रविवारी चित्र गेले. म्हणून मुलगा दोषी. या तर्कातील ‘म्हणून’ला कोणताही आधार नव्हता.

आणि तो आमच्या मनात इतक्या सहज का आला, हे सांगितल्याविना हा पाठ पुरा होणार नाही. त्या दिवशी गच्चीवर दुसरा एखादा मुलगा गेला असता, तर कदाचित आम्ही आधी विचारले असते, “कशासाठी गेला होतास?” ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढली. त्या कायद्याने माणसाचे कृत्य न पाहता त्याचा जन्म पाहिला. सोलापूरसारख्या ठिकाणी माणसे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. हजेरी, परवाना, संशय हे त्यांचे जीवन झाले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणविल्या गेल्या. हा सारा इतिहास आम्ही दहावीच्या वर्गात आवेशाने सांगत असू. आणि त्याच कायद्याची रीत आम्ही आमच्या सभागृहात, तथागत आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांसमोर, वापरली. ज्यांच्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या असेच पूर्वग्रह बाळगले गेले, त्या समाजातून आम्ही आलो; तरीही आमचे मन त्या सवयीपासून मुक्त नव्हते. अन्याय सोसल्याने मनुष्य आपोआप न्यायी होत नाही. त्यासाठी त्याला विचारण्याची आणि तपासण्याची सवय लावून घ्यावी लागते.

केसपुत्त येथील कालामांना भगवान बुद्धांनी हाच मार्ग दाखविला. ऐकिवात आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आदरणीय आहे, एवढ्यावरून काही मान्य करू नये. स्वतः पारखून घ्यावे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी कार्यकारणभावावर भर दिला आहे : प्रत्येक घटनेस कारण असते आणि ते मानवी कृतीत वा निसर्गनियमात शोधावे लागते, दैवी कोपात नव्हे. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ च्या ग्रंथात त्यांनी आर्यवंशाचा प्रचलित सिद्धांत पुराव्याच्या कसोटीस लावला आणि नाकारला. मोठमोठ्या सिद्धांतांस जी कसोटी लावायची, तीच गच्चीवरच्या अँटेनास आणि तीच आठवीतल्या मुलावरील आरोपास. कसोटी दोन प्रकारची नसते.

शुक्रवारी सकाळी वंदना झाल्यानंतर आम्ही सर्व विद्यार्थ्यांसमोर उभे राहिलो. शिक्षा सर्वांसमक्ष दिली होती. चूकही सर्वांसमक्ष मान्य करणे आवश्यक होते. आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. त्यानंतर सभागृहात सर्वांसमवेत तोही बसला, तिसऱ्या रांगेत, आणि के. आर. नारायणन यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. चित्र स्वच्छ होते.

७. आजच्या काळासाठी

आज ही यंत्रणा बदलली आहे. डिसेंबर २००४ पासून दूरदर्शनची विनाशुल्क डिश सेवा आली. २०१६ मध्ये मुंबई, औरंगाबादसह देशातील १६ शहरांत अँटेनावर घेता येणारे डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले. जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक मात्र टप्प्याटप्प्याने बंद होत गेले. मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० वगळता उर्वरित ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने जाहीर केले. आमच्या परिसरातील प्रक्षेपकही आता मूक आहे. म्हणून कोणी आज आपल्या गच्चीवरील अँटेना दुरुस्त केला, केबल बदलली, संच बदलला, तरी चित्र येणार नाही. प्रक्षेपण चालू आहे काय, हा पहिला प्रश्न पहिला का, याचे याहून चांगले उदाहरण नाही. कधी कधी घरातील प्रत्येक वस्तू निर्दोष असते आणि कारण दूर कोठेतरी, दुसऱ्याच्या निर्णयात असते.

डिजिटल चित्र मुंग्यांनी पूर्वसूचना देत नाही. संदेश पुरेसा असेतो चित्र स्वच्छ असते. थोडा कमी पडला की चौकोन दिसतात, चित्र थिजते आणि मग एकदम काहीच नाही. तेव्हा प्रथम पिना व केबलचे सांधे पाहावेत, खोक्याच्या सूचीत संदेशाची शक्ती व गुणवत्ता पाहावी आणि वाहिन्यांचा शोध नव्याने चालवावा. डिश असल्यास मुसळधार पावसात संदेश काही वेळ क्षीण होतो. पाऊस ओसरताच चित्र येत असेल, तर काहीही उघडू नये. कोरड्या हवेतही येत नसेल, तर डिशची दिशा, पुढील झाडाची वाढलेली फांदी आणि केबलचा सांधा पाहावा. यंत्र बदलले, शोधाचा क्रम बदलला नाही.

गच्चीवरील तो पाइप काढून टाकावा, असा प्रस्ताव मध्यंतरी आला होता. तो तूर्त राहू द्यावा, अशी आमची विनंती आहे. दोषी शोधण्यापूर्वी दोष शोधावा, हे आम्हांस तेथे शिकावे लागले. येथून पुढेही काही तरी बिघडेल, काही हरवेल, काही फुटेल आणि कोणाचे तरी नाव प्रथम घेतले जाईल. त्या वेळी गच्चीकडे एकदा पाहावे.

स्वाध्याय

१. मनोरा ६४ मीटर आणि अँटेना १६ मीटर उंच असल्यास लहरींचा ढोबळ पल्ला काढा.

२. १७५ मेगाहर्ट्झच्या लहरीसाठी मुख्य काडीची अंदाजे लांबी किती असावी?

३. ‘आधी घडले’ आणि ‘मुळे घडले’ यांतील भेद स्वतःच्या अनुभवातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

४. या पाठातील पुरावे कोणते आणि ऐकीव गोष्टी कोणत्या, यांची दोन स्तंभांत नोंद करा.

५. ज्याच्यावर संशय आहे, त्यास विचारावयाचा पहिला प्रश्न कोणता असावा? गटात चर्चा करा.